आजोबांची दुनळी फरशीवर पडली, आता दुरुस्त करू की तशीच ठेवू?

प्रश्न: आजोबांची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, वारसाने माझ्याकडे आलीय, परवाना माझ्या नावावर झालाय. २२ वर्षं ती चामड्याच्या पेटीत पडून होती. मागच्या आठवड्यात घरच्यांना दाखवायला काढली आणि हातातून सटकून फरशीवर पडली. दस्ता जिथे बारीक होतो तिथे चीर गेलीय, डाव्या नळीला तोंडापासून वीतभर आत पोचा आलाय. बंद केली की थोडी हलते, बंदूक उघडायचा वरचा खटका मधल्या रेषेच्या डावीकडे जाऊन थांबतो. उजवा चाप ओढला की खणखणीत टक् होतं, डावीकडे नुसतं मऊ टिक्. नळ्यांवरचा रंग उडालाय तिथे लाकडातल्या रेषांसारखी नक्षी दिसते, हा गंज आहे का? खालच्या बाजूला मुकुटांचे शिक्के आहेत आणि एका चौकटीत १२ आणि सी, बाकी काही नाही. काका म्हणतात वेल्डिंग करून बफ मारून नवा काळा रंग देऊन टाक, चुलतभाऊ म्हणतो एक हलकं काडतूस टाकून बघू चालते का. माझ्या हातून पडली म्हणून जीव नुसता तुटतोय. काय करू? – आजोबांची नात

उत्तर: ताई, पहिल्यांदा चुलतभावाला थांबवा, बाकी सगळं नंतर. ते हलकं काडतूस, जुनं काडतूस, अर्धं काडतूस, काहीही त्या बंदुकीत जाता कामा नये. आणि चाप ओढून ओढून आवाज ऐकणंही आजपासून बंद करा, रिकाम्या बंदुकीचा घोडा, म्हणजे आतली हातोडी, आपटत राहिला तर जुन्या फायरिंग पिनचं, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या सुईचं, टोक तुटू शकतं. आवाज एकदा ऐकलात, तेवढं निदानाला पुरेसं आहे. बंदूक हातात घ्याल तेव्हा दर वेळी आधी उघडायची, दोन्ही घरांत, म्हणजे काडतूस बसतं त्या जागांत, डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं, भले पाच मिनिटांपूर्वीच बघितलं असेल तरी. पेटीत आजोबांची काडतुसं पडलेली असतील तर ती वेगळी काढून बंदुकीपासून लांब ठेवा आणि गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, दाखवा, वापरायची नाहीत.

आता तुमच्या मनाला खातंय ते. तुम्ही पाडलीत त्यामुळे नक्की झालेल्या गोष्टी दोनच, चीर आणि पोचा, आणि त्यातली चीरसुद्धा बहुतेक आधीपासून वाट बघत होती, ते पुढे सांगते. बंदूक हलणं, डाव्या बाजूचं मऊ टिक्, रंग उडणं हे सगळं ती पडण्याच्या कितीतरी आधीपासून सुरू झालेलं असणार. खटका डावीकडे जाणं हे एका पडण्याने होत नाही, ती वर्षानुवर्षांची झीज आहे. त्यामुळे तो दोष स्वतःवर घेऊ नका.

आणि ती नक्षी गंज नाही! ती त्या बंदुकीची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. तुमच्या नळ्या डमास्कस आहेत. म्हणजे अख्ख्या पोलादाच्या दांड्यातून भोक पाडून केलेल्या नाहीत, लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, ती पिळलेली पट्टी एका सळईभोवती वेटोळी गुंडाळून, भट्टीत लाल करून हातोड्याने ठोकून ठोकून जोडलेल्या असतात. मग वरून तेजाब वगैरे लावून लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या छटेचं दिसेल असं करायचे, तीच तुम्हाला दिसते ती नक्षी. कुणाच्या तरी हाताने कित्येक दिवस खपून केलेलं काम आहे ते. पण याच्यातच काळजीची गोष्टपण आहे, कारण अशा नळीत टोकापासून टोकापर्यंत सांधेच सांधे असतात, आणि शंभर वर्षांत ओल एखाद्या सांध्यात शिरून आतून किती खाल्लंय हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही.

शिक्क्यांचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, माझं अर्धं उत्तर तिथेच आहे. इंग्लंडमध्ये नळी विकायला जाण्याआधी प्रूफ हाऊसमध्ये, म्हणजे नळ्या तपासायच्या संस्थेत, जास्तीची बंदुकीची दारू भरून उडवून बघतात, टिकली तर शिक्का मारतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. चौकटीतला १२ आणि सी हा शिक्का १८८७ पासूनचा, म्हणजे तुमची बंदूक बहुतेक त्यानंतरची. पुष्कळ लोक तो सी म्हणजे चोक, म्हणजे नळीचं तोंडाकडचं आवळणं, असं समजतात, तो चेंबर आहे, म्हणजे काडतुसाचं घर, आणि ते तीन इंचाहून कमी आहे इतकंच तो सांगतो. पण तुमच्या पत्रात जे नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. बिनधुराच्या दारूसाठी तपासणी झाली असती तर नायट्रो प्रूफ असे शब्द किंवा एनपी ही अक्षरं असती. भिंग घेऊन, चांगल्या उजेडात, नळ्यांच्या मागच्या सपाट भागावर पुन्हा एकदा बघा. नाहीच सापडली तर या नळ्या फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या आहेत, आणि आजचं दुकानातलं काडतूस बिनधुराच्या दारूचं असतं. त्याच्या दाबासाठी या नळ्या कधी पास झालेल्याच नाहीत.

शिवाय लांबीची भानगड आहे, आणि यात चांगले जाणते लोक फसतात. त्या काळच्या बारा बोअरचं घर बहुतेक करून अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटरच्या आसपास असायचं, आजची काडतुसं बरीचशी ७० मिलिमीटरची. आता तुम्ही म्हणाल लांब असेल तर बसणारच नाही, तर तसं नाही, छान बसतं, बंदूक बंदसुद्धा होते! कारण काडतुसावर छापलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या नळकांड्याची असते, न उडालेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे आखूड असतं. चाप ओढला की ते तोंड उलगडतं आणि पुढे जागाच नसल्याने नळी अरुंद होते तिथे जाऊन बसतं, छर्‍याची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. म्हणून ‘बसतंय ना मग चालेल’ हे बंदुकीच्या बाबतीत चालत नाही, हे चुलतभावाला वाचून दाखवा.

आता घरबसल्या तुम्ही काय काय तपासू शकता ते सांगते, यातल्या कशालाच स्क्रू ड्रायव्हर लागत नाही आणि लागू देऊही नका. त्या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात, घरातला स्क्रू ड्रायव्हर घातला की खाचेचे ओठ चिरडतात आणि मग ती जखम कायम दिसत राहते. पुढचं लाकूड म्हणजे फोरएंड काढा, नळ्या वेगळ्या करा. त्यांच्या खालच्या हुकात, म्हणजे बिजागरीच्या पिनवर बसणाऱ्या आकड्यात, एक जाड दोरा अडकवून नळ्या हवेत लोंबकळत ठेवा आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा आवाज निघून लांबत गेला तर दोन नळ्यांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे रिब, नीट चिकटलेल्या आहेत. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला किंवा कुठेतरी झिणझिण वाजलं तर कथलाचा डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, कुठेतरी सुटलाय. पट्टीखाली ओल शिरत असेल तर आतला गंज दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मला ही परीक्षा फार आवडते, पहिल्यांदा नीट वाजलेली जुनी नळी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता.

मग नळी खिडकीकडे धरून आतून बघा. खिडकीच्या चौकटीची काळी कड आतल्या भिंतीवर रेषेसारखी पडते, नळी हळूहळू फिरवत ती रेष बघत जा. पोचा असेल तिथे रेष एका बाजूला मोडलेली दिसेल. पण गोल बांगडीसारखी सावली पूर्ण वेढा घालून दिसली तर तो पोचा नाही, फुगवटा आहे, म्हणजे कधीकाळी नळीत काहीतरी अडकलेलं असताना बार उडवला गेलाय. पोचा हा तसा बरा आजार. माप बरोबर असलेला गुळगुळीत डट्टा आत सरकवून किंवा हायड्रॉलिक यंत्राने तो आतून बाहेर उचलतात, बाहेरून छोट्या हातोडीने हलके टोले देत, आणि चांगल्या हाताने उचललेला पोचा कुठे होता हे नंतर शोधावं लागतं. मात्र डमास्कसमध्ये पोच्याच्या जागी सांधा उकललाय का हे आधी बघावं लागतं. फुगवट्याचं तसं नाही, तिथे धातू ताणून पातळ झालेला असतो, ठोकून आत बसवला तरी गेलेली जाडी परत येत नाही.

नळीत काळे ठिपके आणि खड्डे दिसतील, ते दिसणारच. जुन्या काडतुसांच्या टोप्यांमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून मिठासारखा क्षार मागे राहायचा, आणि मीठ तेलात विरघळत नाही. वरून कितीही तेलाचा बोळा फिरवला तरी खाली क्षार हवेतली ओल ओढत बसायचा. म्हणून जुनी माणसं आधी नळीतून गरम पाणी ओतायची, कोरडी करायची आणि मग तेल लावायची. खड्डे घासून काढता येतात का, तर येतात, पण घासलं की धातू जातो आणि नळी पातळ होते. इथे डोळ्याचं काम संपतं, मापाचं सुरू होतं. गनस्मिथला सांगायचं की दोन्ही नळ्यांची भिंत पूर्ण लांबीवर किती जाड आहे ते मोजून कागदावर लिहून द्या. सर्वात पातळ जागा अर्ध्या मिलिमीटरच्या खाली, त्यांच्या भाषेत वीस थाऊच्या (इंचाचे वीस हजारांश) खाली असेल तर बहुतेक चांगले कारागीर पुढे घासायला नकार देतात, आणि जो न मोजता घासायला घेतो त्याच्याकडून बंदूक परत घेऊन या.

आता हलणं. फोरएंड न लावता नळ्या ॲक्शनला, म्हणजे बंदुकीच्या मधल्या लोखंडी भागाला, जोडून बंद करा आणि एका हाताने नळ्या, एका हाताने मूठ धरून वरखाली, डावीउजवी हलवून बघा. फोरएंड काढायचं कारण असं की त्याची स्प्रिंग ढिलाई दाबून ठेवते, लावलेलं असताना बंदूक धडधाकट वाटते. नव्या बंदुकीत वरचा खटका मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबतो, झिजत गेली की तो मध्यावर आणि मग डावीकडे सरकत जातो, तुमचा डावीकडे गेलाय आणि बंदूक हलतेही, म्हणजे बंद करणारे भाग झिजलेत, बहुतेक बिजागरीच्या पिनवर बसणारा हूकही, आणि नळ्या ॲक्शनच्या मागच्या भिंतीपासून सुटल्यात. बंद बंदुकीतून उजेडाकडे बघितलं तर नळ्यांच्या मागे प्रकाशाची फट दिसेल. काडतूस उडतं तेव्हा त्याची मागची बाजू या भिंतीला टेकलेली असावी लागते, म्हणून ही फट दिसायला केसाएवढी असली तरी ती बंदूक वापरण्याजोगी नाही. खरी दुरुस्ती म्हणजे किंचित जाड पिन बनवून बसवणं किंवा हुकावर धातू चढवून कानशीने अगदी काजळीच्या खुणेवर मिळवत आणणं, फार सावकाश काम. खोटी दुरुस्ती म्हणजे हूक ठोकून पसरवणं किंवा मध्ये पत्र्याचा तुकडा चिकटवणं. त्याने बंदूक चार महिने घट्ट वाटते. काकांचं वेल्डिंग इथे सांगितलं असेल तर कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे अजिबात नेऊ नका, त्या उष्णतेने जवळचा कथलाचा डाग वितळून रिब सुटतील.

डाव्या बाजूचं मऊ टिक् बहुतेक वेळा जुन्या तेलामुळे असतं. तेल वर्षानुवर्षं आत राहिलं की वाळून डिंकासारखं होतं आणि घोडा त्यातून ओढत ओढत खाली येतो. दुसरी शक्यता मेन स्प्रिंगची. तुम्ही बाहेरच्या घोड्यांबद्दल काही लिहिलं नाही, म्हणजे तुमची बिनघोड्याची दिसते, घोडे आतल्या बाजूला, आणि तशी बंदूक उघडली की घोडे आपोआप चढतात. शेवटचं बंद करताना कुणी घोडे उतरवले नसतील तर ती व्ही आकाराची स्प्रिंग २२ वर्षं दबलेल्या अवस्थेत होती, तिची ताकद गेली असेल किंवा एक पाय तुटला असेल. नवी स्प्रिंग हाताने घडवून देणारे कारागीर आहेत. यापुढे घोडे उतरवायचे तर स्नॅप कॅप म्हणजे खोटी काडतुसं घालून, आणि ते गनस्मिथकडून एकदा शिकून घ्या.

आणि दस्ता. तुम्हाला वाटतं तो सगळ्यात वाईट मोडलाय, खरं तर सगळ्यात छान बरा होणारा तोच आहे. चिरेजवळचं लाकूड बघा, बाकीच्यापेक्षा काळपट, जवळजवळ काळं दिसतंय का? ते तेल आहे. बंदूक तोंड वर करून उभी ठेवली की नळ्यांना नि ॲक्शनला लावलेलं तेल थेंबथेंब उतरून दस्त्याच्या डोक्यात मुरतं, अक्रोडाचं लाकूड मऊ पडतं, म्हणून म्हटलं ना चीर आधीपासून वाट बघत होती. कृपा करून त्यात झटपट चिकटणारा गोंद ओतू नका, तेलकट लाकडाला तो धरत नाही आणि नंतर खरी दुरुस्ती करणाऱ्याला आधी तो खरवडून काढावा लागतो. आधी तेल काढायचं असतं, खडूची बारीक भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप देतात, वाळला की तो पांढरा लेप पिवळा तपकिरी होतो कारण तेल त्याने ओढलेलं असतं, तो झाडून पुन्हा नवा, असं लेप पांढराच राहीपर्यंत. मग पातळ इपॉक्सी चिरेच्या टोकापर्यंत पोचवून, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळून ठेवतात, आणि आतून पितळेची आट्यांची सळई घालतात जी बाहेरून दिसत नाही. तोपर्यंत तुम्ही फक्त एक करा, दस्त्याला वाकवून चीर उघडते का हे बघणं थांबवा, दर वेळी धागे तुटून कडा नीट मिळत नाहीत. आणि चीर भरल्यावर कुणी अख्खा दस्ता पॉलिश पेपरने घासून नवा करून देतो म्हणालं तर नको म्हणा. मुठीवरची कोरलेली जाळी आजोबांच्या तळहाताने गुळगुळीत झालीय, गाल टेकायचा तिथे लाकूड चकचकीत झालंय, ते एकदा गेलं की गेलं. जुना टूथब्रश आणि नंतर जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहाताने चोळून, एवढंच लाकडाला पुरेसं आहे.

काकांच्या बफ आणि काळ्या रंगाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण हे माझ्या घरात झालंय. माझ्या वडिलांची दुनळी एका कारागिराकडे दिली होती, महिन्याने परत आली ती आरशासारखी चकाकत होती, आम्ही सगळे खूश. रात्री वडील कंदील घेऊन नळ्यांखालचे शिक्के शोधत बसले, बोटाने चाचपत होते, जिथे मुकुट होता तिथे नुसती गुळगुळीत जागा. बफने शिक्के गेले, रिबवरची अक्षरं गेली, कडा गोल झाल्या, आणि वर्षभरात दोन नळ्यांच्या मधल्या फटीतून हिरवट पांढरी पूड बाहेर यायला लागली. त्याने गरम क्षाराच्या हौदात बुडवून काळा रंग दिला होता. एकाच पोलादी नळीच्या बंदुकीला ती पद्धत ठीक आहे, पण दुनळीच्या कथील-शिशाच्या डागाला तो क्षार खातो आणि रिबखाली शिरला की बाहेर धुऊन निघत नाही. डाग दिलेल्या दुनळीला गंज चढवून, उकळून, पुसून, पुन्हा गंज चढवून असा सावकाश रंग द्यायचा असतो, आणि डमास्कसला तर काळा रंग नकोच, तिथे नक्षी पुन्हा उठवतात. तुमच्या नळीवरचा तपकिरी थर हा मुद्दाम दिलेला गंजच आहे, म्हणून तारेची घासणी, लिंबू, गंज काढायची औषधं यातलं काहीही लावू नका. मऊ फडकं, पातळ तेल, बस्स.

तर मग करायचं काय. माझं स्पष्ट मत, ही बंदूक पुन्हा उडवायच्या मागे लागू नका. उडवायचीच म्हटलं तर हूक मिळवून, पोचा उचलून, मापं घेऊन पुन्हा प्रूफला पाठवावी लागेल आणि त्या चाचणीत नळी फाटूही शकते. दुसरा मार्ग स्लीव्हिंग, म्हणजे मागचा थोडा भाग ठेवून पुढच्या नळ्या कापून टाकायच्या आणि नव्या पोलादी बसवायच्या. मजबूत होते, पण ती नक्षी गेली मग आजोबांचं काय उरलं? त्यापेक्षा दस्ता जोडून घ्या, लॉक, म्हणजे घोड्याची आतली यंत्रणा, उघडून साफ करून घ्या, पोचा जाडी पुरेशी असेल तरच उचला, रिब सुटून झिणझिणत असतील तर तेवढा डाग देऊन घ्या, आणि हुकाला हात लावू नका. नेण्याआधी शिक्क्यांचे फोटो काढा आणि पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासून त्यांचा ठसा घ्या, फोटोत न दिसणारी अक्षरं त्यात उमटतात. परवाना आणि वाहतुकीचे जे नियम तुम्हाला लागू आहेत ते पाळून, उघडलेली, रिकामी अशीच न्या, आणि काम सुरू करायच्या आधी लेखी यादी मागा, ‘बफ नाही, गरम काळा रंग नाही, पॉलिश पेपर नाही’ हे त्या कागदावर तुमच्या अक्षरात लिहा.

परत आणल्यावर त्या चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरतं, २२ वर्षं ती त्यातच होती. पेटी जपा, ती वेगळी ठेवा. बंदूक कुलपाच्या कोरड्या कपाटात, तोंड खाली करून, खाली जाड नमद्याचा तुकडा ठेवून उभी करा म्हणजे तेल दस्त्याकडे उतरणार नाही. दर दोन महिन्यांनी काढून पुसा, नळ्यांना बोटांचे ठसे राहिले तर पुढच्या वेळी तिथेच गंजाची बोटं उमटलेली दिसतात. नळ्यांच्या भिंतीची मापं आणि तो पेन्सिलचा ठसा मला पाठवा, एनपी कुठे दडलेलं असेल तर दोघी मिळून शोधू.